मीटर कशावर चालतं?

जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलने ‘ट्रायबँड’ या नावाने ब्रॉडबँड सुरू केलं, आणि घरात फोन नि कॉम्प्युटर दोन्ही असलेल्या कुटुंबांपुढे एक नवाच प्रश्न आला. चाललंय ते डायल-अप तसंच चालू ठेवायचं, की दरमहा ठरावीक भाडं भरून हे नवं घ्यायचं? जाहिरातींनी उत्तर तयारच ठेवलं होतं: वेग. शेजारीपाजारी, कॉम्प्युटर दुरुस्त करायला येणारा मुलगा, ऑफिसातले सहकारी, सगळे वेगाबद्दलच बोलत. माझ्या मते या निर्णयात वेगाला शेवटचा नंबर द्यायला हवा होता. आधी बघायचं होतं ते हे, की आपलं मीटर कशावर चालतं. आणि त्यानंतर हे, की एक्स्चेंजपासून घरापर्यंत आलेली तांब्याची तार कोणत्या अवस्थेत आहे.

मीटरची गोष्ट समजायला थोडं मागे जाऊ. विदेश संचार निगम लिमिटेडने, म्हणजे व्हीएसएनएलने, १५ ऑगस्ट १९९५ला मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. घरगुती ग्राहकाला २५० तासांसाठी ५,००० रुपये मोजावे लागत आणि वेग मिळे तो ९.६ केबीपीएस. एक एमबीची फाइल उतरायला चौदा मिनिटं. तासाला २० रुपये व्हीएसएनएलचे, आणि तेवढा वेळ फोन चालू राहणार म्हणून त्याचं बिल वेगळं. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं एक खातं होतं, पण त्यात पडद्यावर फक्त अक्षरं दिसत, चित्रं नाहीत. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, तासांचे दर झपाट्याने उतरले, मोडेम ५६ केबीपीएसपर्यंत गेले. घड्याळ मात्र कायम राहिलं. इंटरनेट कितीही स्वस्त झालं तरी फोनचा कॉल मिनिटांवर पडत होता, आणि दर तीन मिनिटांनी एक कॉल वाढत होता.

हे घड्याळ माणसाच्या वागण्यात कसं उतरलं ते त्या काळातल्या सवयींवरून कळतं. पत्र आधी नोटपॅडमध्ये लिहायचं, शुद्धलेखन तपासायचं, मग फोन लावून चटकन पाठवायचं. आउटलुक एक्सप्रेस या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये तर टपाल पाठवून-आणून झालं की आपोआप फोन ठेवून देण्याची सोयच दिलेली होती. वाचायची पानं एकापाठोपाठ उघडून ठेवायची, फोन तोडायचा, आणि मग शांतपणे वाचायचं. लेख वाचता वाचता मध्येच एखादा दुवा दाबला गेला, तर ‘ऑफलाइन आहात, जोडू का?’ असं कॉम्प्युटर विचारायचा आणि हात थबकायचा. रिक्षा सिग्नलला थांबली तरी मीटर पळत राहावं, तसं हे होतं. तुम्ही वाचत असा, विचार करत असा, की-बोर्डवर एखादं अक्षर शोधत असा, कॉल पडतच राहणार.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा फटका कोणाला बसला, याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. इंजिनिअर मुलगा दहा मिनिटांत चार कामं उरकायचा. त्याची आई तेच काम करायला बसली की माउस धरण्यापासून सुरुवात. पासवर्ड टाकताना कॅप्स लॉक चालू राहिलेलं, पान वर-खाली करताना भलतीच खिडकी उघडलेली, मराठीत लिहायचं तर ‘बराहा’सारख्या प्रोग्रॅममध्ये ‘ज्ञ’ कसा येतो ते शोधत बसायचं. तिने तारेवरून आणलेला मजकूर जेमतेम चाळीस-पन्नास केबी, आणि बिल पाऊण तासाचं. म्हणजे जो शिकतोय, ज्याचा हात बसलेला नाही, त्याच्याकडून जास्त पैसे. आणि जो सराईत आहे त्याच्याकडून कमी. घरात पाठीमागून ‘झालं का? फोन अडकलाय’ असा आवाज येत असताना कुठलीही नवी गोष्ट शिकता येत नाही. पन्नाशी-साठीतली कितीतरी माणसं त्या काळात कॉम्प्युटरपासून लांब राहिली. त्यांना जमत नव्हतं म्हणून ती लांब राहिली असं घरोघरी म्हटलं गेलं. मला वाटतं, त्यांना चुकायला वेळ दिला गेला नाही, हे त्याचं खरं कारण आहे.

म्हणूनच घरात इंटरनेट शिकू पाहणारं एक जरी माणूस असेल, तर वापर कितीही कमी असला तरी ब्रॉडबँड घ्यावं, असं त्या वेळी सांगणं योग्य ठरलं असतं. ब्रॉडबँडवर मीटर चालत होतं ते एमबीवर. मजकूर वाचणाऱ्याला, पत्र लिहिणाऱ्याला, अडखळत शिकणाऱ्याला तिथे जवळजवळ काही पडत नव्हतं. दिवसभर जोडणी चालू ठेवून एक लेख दोन तास वाचला, तरी त्या लेखाचे वीस केबी ते वीस केबीच.

आता वेगाकडे येऊ, कारण त्यामागचं विज्ञान सुंदर आहे आणि निर्णयालाही उपयोगी आहे.

टेलिफोन बनला माणसाच्या आवाजासाठी. ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा त्यातून जातो, कारण बोलणं कळायला तेवढा पुरतो. एक्स्चेंज डिजिटल झाल्यावर हा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जाऊ लागला आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहिली जाऊ लागली. ८,००० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. फोनच्या कॉलमधून माहिती पाठवायची तर यापलीकडे जाताच येत नाही. प्रत्यक्षात त्यातलंही काही सोडावं लागतं. १९९८मध्ये ठरलेल्या व्ही.९० या मानकाच्या मोडेमवर ‘५६के’ छापलेलं असायचं ते यामुळेच. तोही आकडा फक्त येणाऱ्या माहितीचा. घरातून जाणारी माहिती ३३.६ केबीपीएसच्या वर चढत नव्हती.

मोडेम जोडताना जो आवाज व्हायचा, त्याची आठवण आज ‘किरकिर’ एवढीच उरली आहे. तो नीट ऐकला तर त्यात पूर्ण संभाषण होतं. आधी डायल टोन, मग क्रमांक फिरवण्याचे सूर. पलीकडचा मोडेम उचलला की त्याची २,१०० हर्ट्झची लांब शिट्टी येई. ती वाटेतल्या यंत्रणेसाठी असायची: आवाजाचा प्रतिध्वनी दाबणारी उपकरणं बंद करा, इथे माणसं बोलणार नाहीत. त्यानंतर दोन्ही मोडेम आपण कोणकोणत्या पद्धतीने बोलू शकतो ते एकमेकांना सांगत. मग येई ती खरखर आणि फुसफुस. त्यात दोघं ठरलेले नमुने एकमेकांना पाठवून ही तार कोणता सूर किती बिघडवते, कुठे किती गोंगाट आहे, हे मोजून घेत. मोजणी झाली की स्पीकर बंद, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन छोटे कॉम्प्युटर उजळत. त्यांच्यावर माउस नेला की वेग दिसे. कधी ४४, कधी ३१.२, पावसाळ्यात २४ किंवा त्याहून कमी. हा आकडा म्हणजे तुमच्या तारेची फुकटात झालेली तपासणी होती. ज्या घरी तो कायम कमी यायचा, त्या घरी तारेत काहीतरी दुखणं आहे हे ब्रॉडबँडचा अर्ज भरण्याआधीच कळत होतं.

तांब्याची तार मुळात ३,४०० हर्ट्झवर थांबत नाही. थांबवतं ते एक्स्चेंजमधलं आवाजाचं यंत्र. तार एक्स्चेंजमध्ये शिरताच त्या यंत्राच्या आधीच वेगळी काढली, तर तिच्यावर कितीतरी वरच्या कंपनांना वाट मिळते. एडीएसएल हे तंत्र नेमकं हेच करतं. ४ किलोहर्ट्झच्या खाली माणसांचं बोलणं. साधारण २५पासून १३८ किलोहर्ट्झपर्यंत घरातून जाणारी माहिती, आणि तिथून १,१०४ किलोहर्ट्झपर्यंत घरात येणारी. येणाऱ्याला मोठा रस्ता आणि जाणाऱ्याला लहान, ही कल्पना १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेलकोर या संशोधन संस्थेतल्या जोसेफ लेक्लायडर यांनी मांडली. घरातली माणसं पाठवतात थोडं आणि मागवतात भरपूर, हे त्यांनी हेरलं होतं. शिवाय एका जाड केबलमध्ये शेकडो जोड्या शेजारी शेजारी असल्या की एकीचा गोंगाट दुसरीत शिरतो, आणि ही विषम वाटणी केल्याने तो त्रासही कमी होतो.

हा सगळा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या २५६ बारीक पट्ट्यांत विभागलेला असतो. मोडेम प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे तपासतो. स्वच्छ पट्टीवर जास्त बिट लादतो, गोंगाटाच्या पट्टीवर कमी, आणि अगदीच वाईट पट्टी सोडून देतो. आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ला. ही दोन्ही ठिकाणं याच पट्ट्यात येतात. खांबावरून घरापर्यंत लोंबत आलेली उघडी तार एरियलसारखी वागते आणि रेडिओ पकडते. ७९२ म्हणजे १८३-१८४व्या पट्टीच्या आसपास. तिथे रेडिओचा जोर असेल तर मोडेम मुकाट्याने तेवढी जागा टाळून पुढे जातो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आवाजासाठी पुरलेल्या, काही ठिकाणी कित्येक वर्षं जमिनीखाली असलेल्या तारेतून हे करून घेणं ही मला गेल्या शतकातल्या सर्वांत देखण्या अभियांत्रिकी कामगिऱ्यांपैकी एक वाटते.

पण कंपनं जितकी वरची, तितकी तार त्यांना लवकर गिळते. एक्स्चेंजपासून तीन किलोमीटरपर्यंत काम छान चालतं, पाचच्या पुढे अवघड होत जातं. आणि हे अंतर नकाशावरचं नव्हे, तारेचं. ती रस्त्याच्या कडेने जाते, पिलर नावाच्या पेटीत शिरते, तिथून तारा वाटणाऱ्या डीपीच्या खोक्यात, तिथून खांबावर. अशा प्रत्येक ठिकाणी जोड असतो. पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं की बोलताना थोडी खरखर ऐकू येते आणि माणूस ती चालवून घेतो. ब्रॉडबँड ती चालवून घेत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी करायची चाचणी अगदी साधी होती: रिसीव्हर उचलायचा, कुठलाही एक अंक दाबायचा म्हणजे डायल टोन थांबतो, आणि त्या शांततेत कान देऊन ऐकायचं. खरखर किंवा पलीकडून कोणाचं तरी बोलणं ऐकू आलं, तर आधी लाइनमनला बोलावून जोड नव्याने करून घ्यायचा, किंवा जोडीच बदलून घ्यायची. हे न करता घाईने जोडणी घेतलेल्यांनी पहिला पावसाळा मोडेमवरचा जोडणीचा हिरवा दिवा लुकलुकताना बघण्यात घालवला.

घरातल्या तारांचंही तेच. हॉलमध्ये एक फोन, आतल्या खोलीत समांतर जोडलेला दुसरा, अशी आपल्याकडची पद्धत. ब्रॉडबँडसोबत येणारी स्प्लिटरची छोटी डबी बोलण्याचा पट्टा आणि माहितीचा पट्टा वेगळा करते. बाहेरून आलेली तार आधी स्प्लिटरमध्ये, मग त्याच्या एका तोंडाला मोडेम आणि दुसऱ्या तोंडाला घरातले सगळे फोन, हा क्रम. पुष्कळ घरांत स्प्लिटर फक्त कॉम्प्युटरच्या टेबलाजवळ लागला आणि आतल्या खोलीतला फोन त्याच्या आधीच जोडलेला राहिला. मग फोन वाजला की नेट तुटायचं, आणि दोष कंपनीला मिळायचा. मोडेमच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून उघडणाऱ्या पानावर, एसएनआर मार्जिन (गोंगाटावर सिग्नलची आघाडी) आणि अटेन्युएशन (तारेत होणारी सिग्नलची घट) असे दोन आकडे दिसतात. पहिला ६ डेसिबलच्या खाली आणि दुसरा ६०च्या वर असेल, तर ती जोडणी टिकत नाही, हा कामापुरता अंदाज जाणकार वापरत असत. तक्रार नोंदवताना हे आकडे सांगितले की समोरचा माणूस ‘मोडेम बंद करून चालू करा’ यापलीकडचं काहीतरी बोलू लागे.

आता खर्च. ऑक्टोबर २००४मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केलं आणि किमान २५६ केबीपीएस वेगाची, सतत जोडलेली सेवा म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या केली. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती हजार बिट. फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये मोजतात, आणि ८ बिटांचा एक बाइट. त्यामुळे २५६ केबीपीएसला सेकंदाला ३२ केबी उतरतात, २५६ केबी नाहीत. हा आठाचा भागाकार न केल्याने कित्येकांना आपण फसवले गेलो असं वाटलं. चांगल्यापैकी डायल-अपला ३२ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ केबी धरले, तर पाच एमबीचं गाणं उतरायला एकवीस-बावीस मिनिटं. ब्रॉडबँडवर तेच पावणेतीन मिनिटांत.

डायल-अपचा खर्च हिशेबापुरता फोन आणि इंटरनेट मिळून तासाला २५ रुपये धरू. २५० रुपये भाड्याची ब्रॉडबँड योजना असेल, तर महिन्याला दहा तासांना दोन्ही सारखे पडतात. दहा तास म्हणजे रोजची वीस मिनिटं. शाळकरी मूल असलेल्या घरात वीस मिनिटं सहज उलटतात. भाड्यावर कर, मोडेमचे पैसे किंवा त्याचं मासिक भाडं, हे धरूनही रोज अर्ध्या तासाच्या वर वापर असलेल्या घराला डायल-अप परवडत नव्हतं, हे कागदावर मांडलं की दिसतं. आणि हा कागद घरातच होता: फोनचं बिल. ब्रॉडबँडचा निर्णय घेताना मागच्या सहा महिन्यांची बिलं काढून इंटरनेटमुळे वाढलेले कॉल किती, एवढं बघणं पुरेसं होतं.

मग एमबीचं मीटर स्वस्तच का? इथे खाचखळगे आहेत, आणि ते वेगळ्या प्रकारच्या माणसाला लागतात. सुरुवातीच्या स्वस्त घरगुती योजनेत महिन्याला ४०० एमबी मोफत असत आणि त्यानंतर प्रत्येक एमबीला रुपयाच्या आगेमागे आकार पडे. मजकूर वाचणाऱ्याला ४०० एमबी संपवणं कठीण. पण विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक, जो ऑगस्ट २००४मध्ये आला आणि ज्यात फायरवॉल आपणहून चालू झालेली होती म्हणून तो घेणं अत्यंत गरजेचं होतं, तो पूर्ण स्वरूपात अडीचशे एमबीच्या वर होता. महिन्याचा अर्ध्याहून जास्त कोटा एका फाइलीत. २५६ केबीपीएसने सतत उतरवत राहिलं तर एक जीबी संपायला साधारण नऊ तास पुरतात. दिवसभर काही ना काही आपणहून उतरवत बसणारा एखादा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर असला, की घरच्यांना पत्ता नसताना बिल हजारात जाई. डायल-अपवर फोन ठेवला की खर्च थांबायचा. ब्रॉडबँडवर तशी जाणीव करून देणारं काही नव्हतं.

२००७च्या जानेवारीत बीएसएनएल-एमटीएनएलने किमान वेग २ एमबीपीएस केला. दूरसंचारमंत्री दयानिधी मारन यांनी ते वर्ष ब्रॉडबँडचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. वेग आठपट झाला, मोफत एमबींची मर्यादा मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. आधी जो एक जीबी नऊ तासांत संपायचा, तो आता सव्वा तासात संपू लागला. वेगाची बातमी पहिल्या पानावर आली. तिच्यामुळे बिल कसं वाढू शकतं हे ग्राहकाला समजावून सांगायची जबाबदारी कोणी घेतली नाही. ती घ्यायला हवी होती.

५०० रुपयांच्या योजनेत पुढे रात्री २ ते सकाळी ८ मोजणी बंद असे. त्यावर एक पूर्ण संस्कृती उभी राहिली. डाउनलोड मॅनेजरमध्ये वेळ लावून ठेवायची, दोन वाजून पाच मिनिटांनी सुरू, पावणेआठला बंद. एक्स्चेंजचं घड्याळ आणि आपलं घड्याळ जुळेलच असं नाही, म्हणून दोन्ही बाजूंना ही सूट ठेवायची. जुन्या २५६ केबीपीएसनेही सहा तासांत हिशेबाने पावणेसातशे एमबी उतरतात, म्हणजे जवळपास एक सीडी. उबंटू लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी एवढ्याच आकाराची होती. डायल-अपवर तिला सेकंदाला ४ केबीने सलग पन्नास तास लागले असते, आणि मध्ये कोणी फोन उचलला तर सगळं वाया. हे ओळखून उबंटूची मंडळी २००५ ते २०११ या काळात ‘शिपइट’ नावाच्या उपक्रमातून जगभर फुकट सीडी टपालाने पाठवत. आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांच्या हाती लिनक्स आलं ते पोस्टमनकडून. डायल-अपवाल्यासाठी टपाल खरोखरच सोयीचं होतं.

केबलवाल्याचं इंटरनेट हा तिसरा पर्याय शहरांत होता. गच्च्यांवरून आलेली तार, वाटेत प्लास्टिकच्या डब्यात बसवलेला स्विच, आणि महिन्याला ठरलेली रक्कम. तो स्वस्त होता, मनुष्य ओळखीचा होता, तक्रार केली तर संध्याकाळी येऊन जायचा. पण वाटेतल्या एखाद्या इमारतीची वीज गेली की तिथला स्विच बंद आणि पुढच्या सगळ्यांचं इंटरनेट बंद. त्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन किती तासांचं होतं, हे ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. टेलिफोनच्या तारेचा एक मोठा गुण इथे लक्षात येतो. तिच्यात एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्टचा दाब सतत असतो, म्हणून घरात अंधार असला तरी फोन वाजतो. ब्रॉडबँडचा मोडेम घरच्या विजेवर चालतो, तो बंद पडतो. पण त्याच तारेवरचा फोन चालू राहतो.

परदेशात मुलं असलेल्या घरांसाठी तर हा प्रश्नच निराळा होता. भारतात इंटरनेटवरून बोलण्याला १ एप्रिल २००२पासून परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २००३मध्ये स्काइप आलं. डायल-अपवर आवाज जेमतेम जायचा, शब्द तुटायचे, आणि बोलणं चालू असताना घड्याळ पळायचंच. २५६ केबीपीएसवर आवाज स्वच्छ यायचा. पुण्यातल्या किंवा सांगलीतल्या आजीला न्यू जर्सीतल्या नातवाचं बोबडं बोलणं अर्धा तास ऐकता येणं, हे कुठल्याही हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही. अशा घरांना मी डोळे झाकून ब्रॉडबँड सुचवलं असतं. मराठी वाचणाऱ्यांचीही सोय झाली. ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ १९९६पासून होतंच. पण युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांचे आपापले फॉन्ट असत आणि ते आधी उतरवून घ्यावे लागत. डायल-अपवर फॉन्ट येईपर्यंत दोन कॉल पडलेले असायचे.

सुरक्षिततेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी होता. डायल-अपवर मोडेमला गुपचूप परदेशातला महागडा क्रमांक फिरवायला लावणारे प्रोग्रॅम पसरले होते. उपाय होता तो फोनवरची आयएसडी सेवा बंद ठेवण्याचा. ब्रॉडबँडवर हा धोका संपला, कारण तिथे क्रमांक फिरवायचाच नसतो. पण कॉम्प्युटर सतत जोडलेला म्हणजे दारही सतत उघडं. ऑगस्ट २००३मधला ‘ब्लास्टर’ हा वर्म कोणी काही न उघडता, नुसत्या जोडणीतून आत शिरत होता. मोडेमचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ‘अ‍ॅडमिन’ ठेवणं ही तेव्हाची सार्वत्रिक चूक होती, आणि आजही आहे.

मग डायल-अपवर राहणं कोणासाठी शहाणपणाचं होतं? आठवड्यातून दोनदा ईमेल बघणाऱ्यासाठी, ज्याचं खरं काम ऑफिसातल्या जोडणीवर होत होतं त्याच्यासाठी, आणि ज्याची तार दुरुस्त होण्यासारखी नव्हती त्याच्यासाठी. तालुक्याच्या गावांत तर निर्णय ग्राहकाच्या हातातच नव्हता. अर्ज केला की ‘फीजिबिलिटी नाही’ किंवा ‘पोर्ट शिल्लक नाही’ असं उत्तर मिळायचं, कारण एक्स्चेंजमध्ये ब्रॉडबँडचं यंत्र बसवलेलंच नसायचं, किंवा होतं त्याची तोंडं भरलेली असायची. ट्राय या दूरसंचार नियामकाने २००४मध्ये शिफारस केली होती की सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही सेवा देण्यासाठी खुल्या कराव्यात. धोरण ठरवताना सरकारने ती मानली नाही. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. २००७च्या अखेरीस ९० लाख आणि २०१०च्या अखेरीस २ कोटी ब्रॉडबँड ग्राहक, असं धोरणातलं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात २००७च्या अखेरीस ३१ लाख आणि २०१०च्या अखेरीस सुमारे १ कोटी १० लाखच झाले. जमिनीत पुरलेलं एवढं तांबं असताना हे घडलं.

किमान वेगाची व्याख्या २०१३मध्ये ५१२ केबीपीएस झाली, २०२३मध्ये २ एमबीपीएस. बहुतेक घरांत तोवर तांब्याची जागा फायबरने घेतली आणि एमबीचं मीटर जवळजवळ दिसेनासं झालं. तांब्यावरून फायबरवर जाताना मात्र एक गोष्ट विचारून घ्यावी, विशेषतः घरात एकटं राहणारं वयस्क माणूस असेल तर. काचेच्या तंतूतून ते ४८ व्होल्ट येत नाहीत. फायबरवरचा फोन भिंतीवरच्या डबीतून चालतो आणि डबी घरच्या विजेवर. वीज गेली की फोनही जातो, म्हणून डबीला छोटी बॅटरी जोडून घ्यावी, आणि ती किती तास टिकते ते जोडणी देणारा माणूस घरात असतानाच मेन स्विच बंद करून बघावं.